सोमी आपल्या लग्नाचा बस्ता बांधते

सोमीला लग्नाची घाई नव्हती असं नाही. घाई नव्हती ती गोमाला, आणि गोमाला घाई नसली की घरात इतर कुणी ती करून उपयोग नसे. बावीस वर्षांपूर्वी तिला पाड्यावर घेऊन आला तेव्हा तो म्हणाला होता, "भात झोडून झाला का लगीन लावू." भात झोडून झालं. त्यानंतर आणखी एकवीस वेळा झोडून झालं. मधल्या काळात तीन पोरं झाली, एक म्हैस आली नि मेली, घराचा कूड दोनदा बदलला. गोमाचं दर साली आपलं एकच, "पुढल्या साली." इतका शब्दाला जागणारा माणूस त्या डोंगरात दुसरा नव्हता.

यात कुणाला वावगं काही वाटत नसे. पालघरच्या पूर्वेला डोंगरात जे वारल्यांचे पाडे होते, तिथली रीतच तशी. बाई आवडली, घरची माणसं राजी झाली, की बाईनं यावं, चूल मांडावी, संसाराला लागावं. लग्न हे देवीचं काम. ते गावजेवणाएवढं भात घरात साठेल तेव्हा. कुणाचं पाच वर्षांनी लागे, कुणाचं नातवंडं मांडीवर घेऊन. पण या सैल रीतीला एक गाठ होती. आईबापाचं लग्न लागल्याशिवाय पोराचं लागत नसे. आणि एकोणीसशे सदुसष्टच्या चैत्रात थोरल्या जिवल्याला लग्नाची घाई झाली. पोरगा या बाबतीत बापावर गेला नाही, ही सोमीच्या मते देवीची मोठीच कृपा होती.

तेव्हा येत्या मंगळवारी एकाच मांडवात बापाचं आणि लेकाचं अशी दोन लग्नं ठरली. गोमानं मान डोलावली आणि ताडीची व्यवस्था आपल्याकडे घेतली. बाकीची किरकोळ कामं, म्हणजे तांदूळ, मांडव, पाहुणे, कपडे आणि स्वतः लग्न, ही त्यानं मोठ्या मनानं सोमीवर सोपवली.

आता वारल्यांच्या लग्नाला पत्रिका नसली तरी चालते, वाजंत्रीवाला उशिरा आला तरी चालतो. चौक मात्र लागतोच. घराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात. हो, लिहितात, चौक काढला असं तिथं कुणी म्हणत नाही. तो लिहायचा सवाशिणीनं, आणि सवाशीण म्हणजे नुसती नवऱ्याजवळ नांदणारी बाई नव्हे. जिचा स्वतःचा चौक लिहून झालाय, जिचं रीतसर लग्न लागलंय, तीच. दुसरीनं काडी उचलली तर देवी भिंतीवर येत नाही, आणि देवी नाही तर लग्न नाही.

सोमीचा चौक कोण लिहिणार हे तीस वर्षांपूर्वीच ठरलं होतं. तिची मैत्रीण नवसी. दोघी एकाच पाड्यावरच्या, एकत्र गुरं राखलेल्या. नवसीचा हात असा की तिनं काडीनं घोडा लिहिला तर तो भिंतीवरून उतरून नाचणी खाईल की काय असं वाटावं. दोघींनी नदीवर पाण्यात हात घालून शब्द दिला होता: जिचं लग्न आधी लागेल तिनं दुसरीचा चौक लिहायचा. पुढं नवसी देवूबरोबर सफाळ्याकडं गेली, तिथून कामाच्या मागं बोईसरला. मधे बारा वर्षांपूर्वी एकदा दोघी पालघरच्या बाजारात भेटल्या. "लगीन झाला का?" सोमीनं विचारलं. "झाला," नवसी म्हणाली, "घाईत झाला. सांगावा धाडायला मानूस नाय भेटला."

सोमी रुसली. चांगली बारा वर्षं रुसली. ज्या चौकापुढं निदान आपण गायला तरी बसायला हवं होतं, तो आपल्याला न सांगता लिहिला! हा रुसवा तिनं मोठ्या निष्ठेनं पाळला. नवसीला त्याचा पत्ताही नव्हता, पण त्यामुळं सोमीच्या रुसव्यात काही उणं पडलं नाही.

आता मात्र रुसवा बाजूला ठेवणं भाग होतं. एक तर शब्द होता. दुसरं म्हणजे सोमीनं अख्ख्या पाड्याला सांगून ठेवलं होतं की चौक लिहायला नवसी येणार. पाड्यावरची सवाशीण जिवली लगेच म्हणाली, "ती आता बोईसरवाली. ती काय येते? मी हाय ना." जिवली होती, हे खरंच होतं. गेल्या साली तिनं एका घरी चौक लिहिला, तेव्हा त्यातले घोडे पाहून लोकांनी विचारलं होतं की लग्नात रेडे कशाला. सोमीला बावीस वर्षं वाट पाहून रेड्यांच्या साक्षीनं लग्न करायचं नव्हतं.

म्हणून रविवारी पहाटे ती एकटीच निघाली. रस्त्यापर्यंत चालत, तिथून एस्टीनं पालघर. पालघरात बस्ता बांधायचा, मग गाडीनं बोईसर, तिथून सरावलीला नवसीचं घर गाठायचं आणि चारच्या गाडीनं माघारी. गोमा सोबत यायला तयार होता. पण त्याला बरोबर नेलं असतं तर पालघरच्या पहिल्याच दुकानाच्या सावलीत त्याला झोप लागली असती.

त्या काळी पालघरला शहर म्हणणारे लोक दोनच प्रकारचे: डोंगरातले आणि खुद्द पालघरचे. पण सोमीला ते पुरेसं होतं. कापडाच्या दुकानात शेट गादीवर लोडाला टेकून बसले होते आणि माणूस बाहेरून किती कापडाचा आहे हे बघण्यात त्यांची उभी हयात गेली होती. गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली, हातात बोचकं असलेली सोमी बघून त्यांनी सर्वांत खालच्या फळीकडं हात केला.

"लगनाचा पायजे," सोमी म्हणाली.

"असं! मग वरचं दाखवतो. कुणाचं लगन?"

"माजा."

शेट लोडावरून जरा पुढं आले. "मुलीचं म्हणतेस, बाई?"

"मुलगी नाय. माजा. नि पोराचा बी हाय, पन त्याची नवरी तिचा बघल."

दुकानात पालघरची एक बाई जरीचं पातळ बघत होती. तिनं तोंडावर पदर धरला. गुमास्ता खोकला. शेट मोठे सज्जन. ते उघड हसले. "आणि नवरा कोण?"

"तोच."

आता गुमास्त्याला हातातला गज खाली ठेवावा लागला. सोमीनं सगळ्यांकडं एकदा निवांत बघून घेतलं. "तुमच्यात नवरा न बघता लगीन करतेत," ती म्हणाली. "आमी बावीस वर्सां बघला, मंग ठरवला. आता दाखव लुगडा."

शेटनी दाखवलं. हसून पोट दुखलं तरी गिऱ्हाईक सोडायचं नाही, एवढा संयम त्यांच्यापाशी होता. सोमीनं स्वतःला एक पिवळं घेतलं, साधं. मग दुसरं मागितलं, ते सवाशिणीच्या मानाचं. यात मात्र तिनं अर्धी सकाळ घातली. पाच लुगडी उलगडली, उजेडात नेली, काठ दातात धरून बघितला. शेवटी हिरवं, रुंद तांबड्या काठाचं पसंत केलं. नवरीपेक्षा सवाशिणीचं लुगडं भारी, हे कुठल्या रीतीत बसत नव्हतं. पण स्वतःच्या लग्नाला न बोलावणारीला आपलं मन किती मोठं आहे हे कळायला नको? मन मोठं असून समोरच्याला ते दिसलं नाही तर काय चुलीत घालायचंय!

मग काकणं झाली, कुंकू झालं, गोमाला धोतर झालं. बाशिंगवाल्याकडं तिनं चार बाशिंगं मागितली, दोन नवऱ्यांची, दोन नवऱ्यांच्या बायकांची. "एक मोठ्या डोक्याचा दे," ती म्हणाली. "म्हाताऱ्याच्या डोक्यात बावीस वर्सांत काय शिरला नाय, पन डोका मोठा हाय."

बोईसरच्या गाडीत समोर एक मास्तर बसले होते. तारापूरला समुद्रकाठी सरकार काय बांधतंय ते त्यांनी आपण होऊन सगळ्या डब्याला समजावलं. तिथं अणूपासून वीज होणार. अणू म्हणजे असतो, पण दिसत नाही. सोमीला हे चटकन समजलं. गोमाचं काम ती बावीस वर्षं बघत होती.

सरावलीत त्या कामावरच्या मजुरांच्या पत्र्याच्या चाळी उभ्या राहिल्या होत्या. नगरकडचे, मराठवाड्याकडचे लोक, कुठून कुठून आलेले. सोमी विचारत विचारत पोचली तेव्हा नवसी दारात तांदूळ निवडत होती. गोल पातळ, अंगात पोलकं, गळ्यात काळे मणी. सोमी ओळखूच शकली नसती, पण नवसीनं मान वर केली आणि तिच्या हातून सूप खाली पडलं.

"सोमे!"

बारा वर्षांचा रुसवा सोमीनं वाटेत मनाशी चारदा घोकला होता. काय बोलायचं, कुठल्या शब्दावर थांबायचं, सगळं ठरलं होतं. त्यातलं काहीएक झालं नाही. दोघी उंबऱ्यावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या आणि सांडलेल्या तांदळात बसल्या.

तेवढ्यात शेजारच्या दारातून एक ठसठशीत कुंकवाची बाई डोकावली. ही सोजराबाई, नगरकडची. तिचा नवरा चंद्रभान देवूच्याच टोळीत होता, आणि चाळीत कोण कुठलं, कुणाचं, कशावरून, याची चौकशी करण्याचं बिनपगारी काम तिनं अंगावर घेतलं होतं.

"कोन आलंय गं नवसाबाई?"

नवसीनं डोळे पुसले, पदर सारखा केला. "गावाकडची बाई आहे," ती म्हणाली.

बाई! आणि वर 'आहे'! सोमीनं रुसवा पुन्हा जागेवर आणून ठेवला.

घरात स्टो होता, कपबशा होत्या, भिंतीवर देवांची दोन कॅलेंडरं होती, आणि खिळ्याला देवूची कामावरची लोखंडी टोपी टांगली होती. तो पाळीला गेला होता. सगळ्या भिंती निळ्या रंगवलेल्या. पिठाचा एक ठिपका कुठं दिसेल तर शपथ. चहा झाला, पोरंबाळं विचारून झाली. मग सोमीनं बोचक्यातून कुंकू लावलेल्या तांदळाची पुडी काढून नवसीच्या पुढ्यात ठेवली.

"मंगलवारी लगीन हाय. माजा. चौक तू लिवायचा."

नवसीचा चेहरा आधी खुलला, आणि मग दिव्याची वात खाली करावी तसा उतरला. "मंगलवारी?" ती म्हणाली. "देवूला रजा नाय भेटायची."

"देवूला कोन बोलवते? तू ये."

"इथं पानी सकाली येते, सोमे. एक दिस नाय भरला तर..."

"सोजराबाई भरल. तिला काय दुसरा काम दिसत नाय."

नवसी बशीकडं बघत राहिली. "हातच गेला माजा. सिमिटाची पाटी वाहून बोटां अशी झाली. काडी नाय धरता येत आता."

सोमी उठली, तिनं नवसीच्या डब्यातलं मूठभर तांदळाचं पीठ वाटीत घेतलं, पाण्यात कालवलं आणि दाराबाहेरच्या कुंपणातून एक बांबूची काटकी मोडून आणली. पोरंटोरं रुसली की समजूत काढायला तिला वेळ असे. चाळीस वर्षांच्या बाईसाठी नव्हता. वाटी तिनं नवसीपुढं सारवलेल्या जमिनीवर ठेवली.

"एक घोडा लिव. नाय जमला तर मी जिवलीला सांगीन."

नवसीनं काटकी घेतली. मग दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे राहिले, मान वळली, चार पाय निघाले, आणि चाळीतल्या त्या आठ हातांच्या खोलीत घोडा धावायला लागला. नवसी थांबायला विसरली. घोड्यावर नवरी बसली, तिच्यामागं नवरा बसला, पुढं तारपा फुंकत तारपेवाला आला.

"हात गेला?" सोमी म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "सरळ सांग ना, की बोईसरवाली झाले, आता डोंगरात यायची लाज वाटते! सोताच्या लगनाला नाय बोलवलास, माज्या लगनाला नाय येनार. नदीत हात घातलेलास तू, नवसे!"

नवसीनं काटकी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"माजा लगीन झालाच नाय," ती म्हणाली.

सोमीला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. नवसीनं उठून दार लोटून घेतलं, सोजराबाईच्या भिंतीकडं एकदा बघितलं आणि हळू आवाजात सगळं सांगून टाकलं. देवू दर साली म्हणायचा पुढल्या साली. मग काम लागलं, गाव सुटलं. "तू बाजारात भेटलीस, पयला इचारलास लगीन झाला का. तुजा तोंड असा उजलला व्हता. नाय म्हनवलाच नाय. वाटला पुढल्या साली लागलच, मंग खोटा खरा व्हईल." इथं आली तर पहिल्या दिवशी सोजराबाईनं विचारलं, गळ्यात काही नाही? "मी बोलले गहान हाय. दुसऱ्या दिसी देवूनं बाजारातून हे काले मनी आनले. इथं लगीन नाय झालेल्या बाईला काय म्हनतेत तुला ठाव नाय, सोमे. ठेवलेली म्हनतेत. दोन पोरां हायेत माज्या पदरात."

ती पुन्हा खाली बसली. "मी आले असते नि लिवला असता, तर कोनाला कळला नसता. पन देवी आली नसती. तुजा लगीन फुकट गेला असता. मी कसा लिवू?"

सोमीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याआधी राग आला. "म्हंजे मी बारा वर्सां उगाच रुसले?"

"तू रुसली व्हतीस?" नवसीनं विचारलं.

यावर काय बोलणार! माणसानं इतकी वर्षं एक काम नेटानं करावं आणि ते दुसऱ्याच्या लक्षातही येऊ नये, याचं दुःख सोमीनं मुकाट गिळलं. ती जमिनीवरच्या घोड्याकडं बघत बसली. त्या घोड्याची मान जिवलीला सात जन्मांत जमली नसती. असा घोडा आपल्या भिंतीवर येणार नाही, हे तिला आता कळलं होतं, आणि वाईट वाटलं ते मनापासून वाटलं. पाड्यावर काय काय ऐकून घ्यावं लागेल तेही दिसत होतं. जिवली तर हसायला लागली की तिन्हीसांजेपर्यंत थांबत नसे.

मग तिनं बोचकं पुढं ओढलं आणि हिरवं लुगडं काढून नवसीच्या मांडीवर ठेवलं.

"हा सवाशिनीचा आनला व्हता," ती म्हणाली. "आता नवरीचा. मंगलवारी माजा लागल. जिवली रेडे लिवल, लिवू दे. त्या रेड्यांनी माजा लगीन लागला का मी सवाशीन झाले ना? मंग रातचा मांडव तसाच ठेवायचा. बुधवारी तुजा. चौक मी लिवीन. शब्द काय व्हता? जिचा आदी लागल तिनं लिवायचा."

नवसीचा हात लुगड्याच्या काठावर गेला नि तिथंच राहिला. "नि देवू साहेबाला रजेचा काय सांगल? लगीन हाय? कोनाचा म्हनून?"

"माजा म्हनायचा. मी सकाली पालघरात म्हनले. अख्खा दुकान हसला. हसून झाल्यावर कापड दिलाच."

"तुजा बरा हाय. तू तिथून निघून आलीस. मला याच लोकांत ऱ्हायचा हाय."

हे मात्र खरं होतं.

दार ढकललं गेलं. सोजराबाई वाटी घेऊन उभी होती. साखर संपली होती म्हणे. चाळीतली साखर नेमकी कुणाकडं पाहुणा आला की संपायची. तिनं जमिनीवरचे घोडे बघितले, कुंकवाचे तांदूळ बघितले, नवसीच्या मांडीवरचं कोरं लुगडं बघितलं. तिच्यामागं आणखी दोघी मान लांब करून उभ्या होत्या.

"आगं बया, लुगडं! कुनाचं लगीन हाय वं नवसाबाई?"

दिवसभर सोमीच्या तोंडात या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. आत्ताही ते ओठांवर आलं: माजा. तेवढं म्हटलं असतं तर खोटंही झालं नसतं, नवसी सुटली असती, सोजराबाई साखर घेऊन गेली असती. सोमी गप्प बसली. बावीस वर्षांत ती इतकी गप्प कधी बसली नव्हती. गोमानं बघितलं असतं तर त्यालाही जाग आली असती.

नवसीनं गळ्यातले काळे मणी एकदा चाचपले. मग लुगडं मांडीवरून न काढता तिनं मान वर केली.

"माजा," ती म्हणाली.

सोजराबाईच्या हातातली वाटी खाली आली. "तुझं? आन् नवरा?"

"तोच. देवू." नवसीनं लुगडं मांडीवर घट्ट धरलं. "आमच्यात आदी संसार करतेत, मंग लगीन. माजा ऱ्हायला व्हता. बुधवारी हाय. ही माजी सोमी, माज्या गावची, लानपनाची. चौक ही लिवनार. तुमी बी या, सोजराबाई."

मागच्या दोघींतली एक हळूच सरकली. बातमी पायांनी न्यायची तर वेळेवर निघायला हवं. सोजराबाई तिथंच उभी राहिली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही. तिनं वाटी पुढं केली आणि नवसीनं ती साखरेनं शिगोशीग भरून दिली.

सोमीनं बोचकं बांधलं. गाडीला वेळ होता, पण तिला आधी बोईसरच्या बाजारात जायचं होतं. आणखी दोन बाशिंगं घ्यायची होती.